तिसरी तपासणी

माझ्या मूत्राशयातली गाठ मिशनच्या डॉक्टरसाहेबांनी ज्येष्ठात पोट उघडून काढली आणि दर तीन महिन्यांनी तपासणीला यायचं असं बजावून मला घरी पाठवलं. तेव्हा मी सत्तेचाळीस वर्षांचा होतो. शहाद्याजवळच्या एका गावात मराठी शाळेवर मास्तर होतो. दुसरं महायुद्ध अजून सुरू व्हायचं होतं.

दुखणं सुरू झालं तेव्हा काहीच दुखत नव्हतं, हेच त्याचं वाईट. आदल्या दिवाळीनंतर एका सकाळी लघवीला लाल झालं. दोन दिवसांनी आपोआप थांबलं. उष्णता झाली असेल म्हणून मी सब्जाचं बी भिजवून प्यायलो, धने-जिऱ्याचं पाणी प्यायलो आणि बायकोला काही सांगितलं नाही. महिनाभरानं पुन्हा झालं. गावात सगळे पुरुष नदीकडच्या रानात जायचे, आणि तिथल्या काळ्या मातीत रंग काही कळत नाही. म्हणून मी एक पांढरा एनॅमलचा मग आणला आणि गोठ्यामागे जाऊन त्यात बघायला लागलो. तो मग बायकोच्या हाती लागला. तिनं एकदाच विचारलं आणि मला सांगावं लागलं. तरी मी उन्हाळ्यापर्यंत घरीच बसून राहिलो. शेवटी रक्ताची गुठळी अडकून लघवी पुरती बंद झाली, तेव्हा मला बैलगाडीत आडवं घालून प्रकाशाला तापी पार करवली, आणि पुढे नंदुरबारहून रेल्वेनं नवापूरकडच्या डोंगरातल्या मिशनच्या दवाखान्यात नेलं. त्या प्रवासातलं मला स्वतःचं ओरडणं तेवढं आठवतं.

दवाखान्यात माझ्या शेजारच्या खाटेवर नंदुरबारचा एक रंगारी होता. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा. पागोटी, लुगडी, डोंगरातल्या लोकांचे फेटे रंगवून देण्याचा त्याचा पिढीजात धंदा. नखं कायमची काळी-निळी झालेली. त्याचं आणि माझं दुखणं एकच होतं आणि ऑपरेशनही एका आठवड्यातलं. तो अहिराणीच बोलायचा. माझी घरची बोलीही तीच, त्यामुळे आमचं लगेच जमलं. दोघांच्याही पोटातून रबरी नळ्या काढून खाली बाटल्यांत सोडलेल्या होत्या. पहिल्या दिवशी त्यानं मान वळवून माझ्या बाटलीकडे बघितलं आणि विचारलं, "मास्तर, तुमनंबी लालच का?" मी हो म्हणालो. तो म्हणाला, "जनमभर दुसरासले रंग दिधा. आते मन्हाच आंगमाईन निंघी ऱ्हायना." मला हसू आलं, आणि हसल्यावर टाके इतके ताणले की डोळ्यांत पाणी आलं.

साहेब उंच होते, थोडे वाकलेले. मराठी ते व्याकरणाच्या पुस्तकातून आणि शुभवर्तमानातून शिकले होते, तेव्हा "आपण भिऊ नये", "आता मी पाहीन" असं बोलायचे. माझ्यासारख्या मास्तराला ते नीट कळायचं; रंगाऱ्याला त्यातलं अर्धं कळायचं नाही. त्याला कंपाउंडर समजावून सांगायचा. एकदा साहेबांनी त्याला कोणते रंग वापरतोस असं विचारलं. त्यानं सांगितलं, बाप होता तोवर मंजिष्ठ, हळद, पळसाची फुलं, नीळ. पुढे गेली पंचवीस वर्षं परदेशी पुड्या. हातानंच कालवतो. साहेबांनी त्याची नखं बराच वेळ बघितली आणि कागदावर काहीतरी लिहून घेतलं.

घरी सोडताना त्यांनी मला समोर बसवून सांगितलं की गाठ काढली आहे, मूळ जाळलं आहे, पण हा रोग परत येतो. कोणाला वर्षात, कोणाला पाच वर्षांत, कोणाला येतही नाही. तो आला आहे की नाही हे बाहेरून कळत नाही, म्हणून आत पाहत राहायचं. मी विचारलं, मी बरा झालो असं समजू का? ते म्हणाले, "आज नाही, इतके समजा."

ते वर्ष कसं गेलं ते सांगणं कठीण आहे. गावाच्या दृष्टीनं मी बरा झालो होतो. शाळेत जात होतो, परवचा म्हणवून घेत होतो, लोकांची अर्जपत्रं लिहून देत होतो. लोक म्हणायचे, मास्तर मरणाच्या दारातून परत आले. पण रोज पहाटे मी गोठ्यामागे मग घेऊन उभा असायचो. तो मग उजेडाकडे तिरपा धरायचा, बघायचं, ओतून द्यायचं. पिवळं असलं की दिवस माझा. बायको चुलीपाशी बसून माझी पावलं ऐकायची. मी परत येऊन राखेनं दात घासायला बसलो की तिला कळायचं. एकदा पाय घसरला आणि हातातला मग सांडला, तेव्हा मी काही न बघता परतलो. त्या दिवशी शाळेत एका मुलीनं पाढा चुकवला म्हणून मी तिला इतकं मारलं, की तिची आई शाळेच्या दारात येऊन उभी राहिली. तसं मी कधी करत नसे.

पहिल्या तपासणीला भाद्रपदात गेलो तेव्हा तापी दुथडी भरली होती आणि नावाड्यानं दोन दिवस आम्हाला अलीकडेच बसवून ठेवलं. दुसरी मार्गशीर्षात झाली, सारंगखेड्याच्या घोडेबाजाराच्या सुमाराला. दोन्ही वेळा रंगारी आणि त्याची बायको नंदुरबारच्या फलाटावर आमची वाट बघत उभे होते. दोन्ही वेळा साहेबांनी आम्हा दोघांनाही काही नाही म्हणून सांगितलं. परतीच्या गाडीत आमच्या बायकांनी एकमेकींच्या फडक्यातल्या भाकरी वाटून खाल्ल्या. रंगारीण अंगानं ठेंगणी, बोलायला कमी. रंगाच्या हौदावर नवऱ्याच्या बरोबरीनं उभी राहून कापड पिळणारी बाई. तिचे हातही मनगटापर्यंत रंगलेले असायचे.

तिसरी तपासणी फाल्गुनात आली.

नंदुरबारला रंगारी दिसला तेव्हाच मला तो खंगल्यासारखा वाटला. गाडीत तो खिडकीशी बसला आणि बाहेरचे पळस बघत राहिला. लहानपणी बापाबरोबर पोती भरून फुलं आणायचो, एवढंच एकदा बोलला. स्टेशनावर उतरून दवाखान्यापर्यंत दीड कोस चालायचं असे. बायका मागे राहिल्या, तेव्हा त्यानं मला हळूच सांगितलं की आठ दिवसांपासून परत लाल होतंय. बायकोला सांगितलेलं नाही. मागच्या तपासणीत साहेबांच्या नळीनं आत खरवडलं असेल, तसंही असू शकतं, असं काहीतरी मी म्हणालो. नळी घालून तीन महिने झाले होते, हे त्यालाही ठाऊक होतं.

थोडं चालल्यावर तो थांबला. म्हणाला, "मास्तर, साहेबनं बोलनं माले समजत नही. तुमी आयकी ल्या आन माले आपली बोलीमा सांगा. पन तिन्हामोरे नका सांगू."

मी म्हटलं, सांगेन, तिच्यासमोर नाही.

दवाखान्यात गेल्यावर कळलं की कंपाउंडर तापानं आजारी पडून त्याच्या गावी गेलाय. साहेबांच्या हाताखाली फक्त नर्सबाई होती. ती जवळच्याच पाड्यावरच्या ख्रिस्ती शेतकऱ्याची मुलगी. तिला डोंगरातली बोली यायची, मिशनच्या शाळेतलं मराठी यायचं, पण अहिराणी यायची नाही.

मला आधी बोलावलं. तपासणीच्या टेबलावर निजवून नर्सबाई पाय दोन्हीकडच्या आधारांवर बांधायची आणि वर चादर टाकायची. साहेब औषध सोडायचे, त्यानं थोडं बधिर व्हायचं, पुरतं नाही. मग ती लोखंडी नळी. आम्ही तिला आपसात दुर्बीण म्हणत असू. तिच्या टोकाला गव्हाच्या दाण्याएवढा दिवा होता, बाहेर पेटीतल्या बॅटरीला तार जोडलेली. नळी आत जाताना माणूस कितीही ठरवून आलेला असो, त्याच्या तोंडून आवाज निघतोच. नंतर आत कोमट पाणी सोडायचे आणि पोट फुटेल असं वाटायचं. मी छताची कौलं मोजायचो. साहेब एक डोळा मिटून बघायचे, नळी इकडून तिकडे फिरवायचे, आणि त्यांचा श्वास मला ऐकू यायचा. तो श्वास कुठे अडकला की माझं काळीज थांबायचं. त्या दिवशी तो एका जागी अडकला. त्यांनी पुन्हा तीच जागा बघितली. मग म्हणाले, "हा जुना व्रण आहे." थोड्या वेळानं नळी बाहेर काढली आणि हात धुता धुता म्हणाले, "आज काही दिसत नाही. तीन महिन्यांनी यावे."

मी कपडे सावरून बाहेर व्हरांड्यात आलो. अजून आग होत होती. बायकोनं माझ्याकडे बघितलं आणि पदरानं तोंड झाकून घेतलं. मला एकदम कडकडून भूक लागली. फडकं सोडून मी उभ्याउभ्याच भाकरी आणि ठेच्याचा घास घेतला. कधी नाही इतकी चव लागली. आतून रंगाऱ्याचा आवाज आला, तरी मी चावत होतो. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण पुढे जे केलं ते या भुकेपासून फार लांब नव्हतं.

त्याचं बघायला माझ्याहून दुप्पट वेळ लागला. मग नर्सबाईनं मला आत बोलावलं. रंगाऱ्याला पलीकडच्या खोलीत पाय पोटाशी घेऊन पडायला सांगितलं होतं. साहेब खुर्चीवर बसले होते. त्यांनी मला बसायला सांगितलं. ते म्हणाले, "गाठ परत आली आहे. एक नव्हे, तीन. मूळ खोल गेले आहे. येथे जाळून भागणार नाही. त्यांनी मुंबईस जावे. तेथे रेडियमचा उपचार आहे. मी पत्र देतो. परंतु पंधरा दिवसांच्या आत. पुढे मुंबईलाही काही करता येणार नाही. कृपा करून हे सर्व त्यांना त्यांच्या भाषेत सांगा." मी हो म्हणालो. त्यांनी विचारलं, सगळं समजलं का? मी मान हलवली. त्यांनी पत्र लिहून पाकिटात घालून माझ्या हातात दिलं.

मी रंगाऱ्याकडे गेलो तेव्हा त्याची बायको आधीच तिथे जाऊन त्याच्या उशाशी बसली होती. नर्सबाईनंच तिला आत घेतलं होतं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग बायकोकडे, मग पुन्हा माझ्याकडे. तिला बाहेर जा म्हणणं म्हणजेच सगळं सांगणं होतं. मी पाकीट हातात घेऊन उभा राहिलो. तीच म्हणाली, "काय सांगं साहेबनी?"

मी म्हणालो, "थोडं शिल्लक शे. मुंबईले जाई दखाडनं पडी."

"कव्हय?" त्यानं विचारलं.

"सवड व्हई तव्हय."

ते शब्द मी ठरवून बोललो नव्हतो. पण तोंडातून निघाल्यावर मागे घेतले नाहीत, हे मात्र ठरवूनच केलं. त्याचा चेहरा सैल झाला. रंगारणीनं डोळे मिटून हात जोडले, मला की देवाला ते कळलं नाही. पाकीट मी त्याच्या उशाशी ठेवलं. मला वाटलं, आत्ता एवढं पुरे. बाकीचं रस्त्यात त्याला एकट्याला गाठून सांगू.

रस्त्यात ती त्याच्या बरोबरच चालली, कारण त्याला चालवत नव्हतं. गाडीत आम्ही चौघं समोरासमोर होतो. तो खुलला होता. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, दीड-दोन महिन्यांवर आली होती. खान्देशात आखाजीला सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, घरोघरी लुगडी रंगवायला निघतात, लग्नंही त्याच दिवसांत, तेव्हा रंगाऱ्याला वर्षभराचं काम त्या सहा आठवड्यांत असतं. तो म्हणाला, मुंबईला काय, आखाजी झाली की जाऊन येऊ; लेकही येणार आहे, तिच्या देखत घर सोडून कुठे जायचं? आणि मला विचारलं, "चाली ना, मास्तर?"

डब्यात नवापूरकडचे चार लोक होते, बायका होत्या. माझी बायको माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "चाली."

घरी आल्यावर मी दोनदा पोस्टकार्ड घेऊन बसलो. त्याला वाचता येत नव्हतं. कार्ड कोणा शेजाऱ्याकडून वाचून घेणार, म्हणजे ते सगळ्या गल्लीसमोर आणि तिच्यासमोर वाचलं जाणार. मी स्वतःला हे कारण सांगितलं. नंदुरबार काही परमुलूख नव्हता. रविवारी निघून सोमवारी परत येता आलं असतं. त्यासाठी मी स्वतःला परीक्षेचं कारण सांगितलं, मग उन्हाचं. खरं कारण असं होतं की मला त्या घरात जायचं नव्हतं. पहाटेचा माझा मग पिवळा होता आणि मला त्याच्याजवळ कुठलंही लाल यायला नको होतं. माणूस महारोग्यापासून जसा अंतर ठेवतो, तसा मी त्या मित्रापासून अंतर ठेवत होतो.

आखाजी आली. आमच्याही लेकी आल्या, झाडाला झोके बांधले, गाणी झाली. मी पुरणपोळी खाल्ली आणि दुपारी झोपलो.

ज्येष्ठात चौथ्या तपासणीला निघालो, तेव्हा नंदुरबारच्या फलाटावर कोणी नव्हतं. बायको गाडी सुटेपर्यंत डब्याच्या दारात उभी राहून बघत होती. मी आत बसून राहिलो.

साहेबांनी मला तपासलं. काही नव्हतं. हात पुसून त्यांनी पहिला प्रश्न केला, की रंगारी मुंबईहून परत आले का, कारण तिकडून पत्राचं उत्तर आलेलं नाही. मी टेबलावरून उतरलो होतो, पण धोतर अजून नीट नेसलेलं नव्हतं. तसाच उभा राहून मी सांगितलं, की मी त्यांना पंधरा दिवसांचं सांगितलंच नाही. सवडीनं जा म्हणालो.

साहेबांनी नर्सबाईला बाहेर जायला सांगितलं. मग विचारलं, का? मी म्हटलं, त्यांची पत्नी समोर होती. हे उत्तर पुरेसं नाही हे मलाही कळत होतं. ते म्हणाले, "मी स्वतः सांगावयास हवे होते. ती चूक माझी. माझी भाषा अपुरी होती." आणि मग, "परंतु तुमची भाषा अपुरी नव्हती."

मी विचारलं, पंधरा दिवसांत गेला असता तर वाचला असता का? ते म्हणाले, "ते मला ठाऊक नाही. आता कोणासही ठाऊक होणार नाही."

परतताना आम्ही नंदुरबारला उतरलो आणि विचारत विचारत रंगाऱ्याच्या गल्लीत गेलो. दारापुढे दोन हौद होते, एक कोरडा, एकात जांभळट पाणी. दोरीवर काही नव्हतं. तो आतल्या खोलीत जमिनीवर अंथरुणात होता. तीन महिन्यांत माणूस इतका आटतो हे मी पहिल्यांदा पाहिलं. खोलीत लघवीचा आणि रक्ताचा वास होता आणि तो झाकायला कोणी तरी ऊद जाळला होता. आखाजीनंतर चार दिवसांनी त्याची लघवी पुरती अडली होती. नंदुरबारच्या डॉक्टरनं नळी घालून मोकळं केलं आणि मुंबईचं पत्र वाचून म्हटलं, आता एवढा प्रवास झेपणार नाही.

मला पाहून त्याला आनंद झाला. हे मला सहन होण्यासारखं नव्हतं. तो माझा हात धरून बोलत राहिला. यंदाची आखाजी फार चांगली गेली म्हणाला. लेक आली होती, नातीला घेऊन. सहा आठवडे तो हौदावर उभा होता, दुखत होतं तरी उभा होता. म्हणाला, "तुमी सवडनं जा म्हनी सांगं, म्हनीसन माले एवढं काम करता उनं. नहीतं मुंबईले खाटवर पडी ऱ्हातू." मग बायकोला सांगून त्यानं फळीवरून एक पागोटं काढायला लावलं. गर्द कुसुंबी रंगाचं, चौघडी घातलेलं. हे आखाजीच्या आधी माझ्यासाठी रंगवून ठेवलं होतं. माझ्या हातावर ठेवून म्हणाला, रंग जाणार नाही, धुऊन बघा.

मी ते घेतलं. सांगायचं ते तेव्हाही सांगता आलं असतं. आता सांगून कोणाचं भलं होणार, असा विचार मी केला, आणि तो विचार मला फार सोयीचा होता.

निघताना रंगारीण आमच्या मागोमाग हौदापर्यंत आली. माझी बायको दोन पावलं पुढे गेली होती. रंगारीण म्हणाली, "मास्तर, त्या दिन साहेबनी काय सांगेल व्हतं?"

तिनं आवाज चढवला नव्हता. मी हौदाच्या काठाकडे बघत म्हणालो, "पंधरा दिवसमा जा, आशे सांगेल व्हतं."

ती उभी राहिली. तिचे हात या वेळी रंगलेले नव्हते. नुसते सुरकुतलेले, पांढरट होते. मला वाटलं ती शिव्या देईल. त्या दिल्या असत्या तर मी त्या घेतल्या असत्या. पण तिनं विचारलं, "त्यासले माहीत शे?"

"नही."

"मंग आते त्यासले नका सांगू," ती म्हणाली. "तुमनं नाव लेतस त्या. दिनमाईन दहा डाव लेतस." आणि ती आत गेली.

रंगारी आषाढात गेला. तापीला पूर होता, नाव बंद होती. मला निरोप मिळाला तेव्हा दहावं होऊन गेलं होतं. निरोप आणणाऱ्या माणसानं सांगितलं की शेवटचे आठ दिवस फार वाईट गेले. काय काय झालं तेही त्यानं सांगितलं. ते मी लिहिणार नाही.

त्या दिवशी मी बायकोला सगळं सांगायला बसलो. दवाखान्यातल्या खोलीत काय झालं, साहेब काय म्हणाले होते. ती तांदूळ निवडत होती. तिनं मला मध्येच थांबवलं आणि म्हणाली की हे मला त्याच दिवशी कळलं होतं. तुम्ही साहेबांच्या खोलीतून पाकीट घेऊन बाहेर आलात, तेव्हा तुमच्या तोंडाकडे बघून मला कळलं. गाडीत तो तुम्हाला "चाली ना" म्हणून विचारत होता, तेव्हा मी बोलायला हवं होतं, असं ती म्हणाली. मी विचारलं, मग का बोलली नाहीस? ती तांदळातले खडे बाजूला काढत राहिली. शेवटी म्हणाली की आपलं चांगलं निघालं होतं. कोणाचं वाईट बोलून ते नासेल असं वाटलं.

ती असं म्हणेल हे मला वाटलं नव्हतं. त्यानंतर आम्ही दोघंही त्यावर पुन्हा बोललो नाही, पण तपासणीला जाताना ती नंदुरबारच्या फलाटावरच उभी राहायची आणि गाडीनं शिट्टी दिल्यावरच चढायची.

साहेबांनी मला परत कधी कोणाला काही समजावून सांगायला बोलावलं नाही. कंपाउंडर नसला तर ते स्वतःच रोग्याच्या खाटेवर बसून, चुकत-माकत, पाटीवर चित्र काढून सांगायचे. माझ्याशी ते पूर्वीइतक्याच सौजन्यानं वागले. दोन वर्षं तीन-तीन महिन्यांनी, मग सहा-सहा महिन्यांनी मी त्या टेबलावर निजत राहिलो. माझ्या आत काही निघालं नाही. दोघांची गाठ एक, चाकू एक, जाळणारा हात एक. त्याची परत आली आणि माझी आली नाही. याला कारण असेल तर ते त्याची नखं बघून साहेबांनी जे लिहून घेतलं त्या कागदावर असेल. पुढे लढाईच्या दिवसांत ते मायदेशी गेले आणि नव्या डॉक्टरांनी मला सांगितलं की आता वर्षातून एकदा आलात तरी चालेल.

पागोटं मी वापरलं. ठेवून द्यावं असं मनात आलं होतं, पण मग ते पेटीत पडून माझी वाट बघत बसलं असतं. शाळेत, लग्नांत, अंत्ययात्रांत मी ते चार-पाच वर्षं डोक्यावर घातलं, विटून फाटेपर्यंत.

रंगारणीनं धंदा मोडला नाही. जावयाला हाताशी घेऊन तिनं हौद चालू ठेवले. नंदुरबारला उतरलो की कधी कधी मी त्या गल्लीत जायचो. ती तांब्याभर पाणी आणून द्यायची, बाजेवर बसायला सांगायची. एकदा, चौथ्या का पाचव्या वर्षी, मी त्या विषयाला सुरुवात केली. म्हटलं, त्या दिवशी मी जे बोललो त्याबद्दल... ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, मास्तर." ते क्षमा केल्यासारखं नव्हतं आणि रागावल्यासारखंही नव्हतं. मग तिनं विचारलं, तुमची तपासणी झाली का, चांगली निघाली ना? मी म्हटलं, चांगली निघाली. तिनं मान हलवली आणि भट्टीवर कापड उकळत होतं ते काठीनं खालवर करायला उठून गेली. मी पाणी संपवलं, तांब्या उंबऱ्यावर ठेवला आणि स्टेशनाकडे निघालो.